खोकला थांबेना आणि जिवाचा घोर जाईना: वाचकांचे प्रश्न

पावसाळा संपून थंडी पडायला लागली की या पानाकडे खोकल्याची पत्रं येतात हे नेहमीचंच, पण यंदा बरीच पत्रं सुरू होतात खोकल्यापासून आणि चार ओळींत भीतीवर येतात. म्हणून यावेळी चारच पत्रं घेतलीत आणि उत्तरं जरा सविस्तर दिलीत. ओळख पटेल असे तपशील बदललेत. पत्रावरून औषध लिहून देता येत नाही, छातीला स्टेथो लावल्याशिवाय तर मुळीच नाही, तेव्हा इथे वाचलेलं घेऊन आपापल्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: मी ४१ वर्षांची, डोंबिवलीत राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. जुलैमध्ये घरात सगळ्यांना ताप-सर्दी झाली, सगळे बरे झाले, माझा खोकला मात्र चार महिने झाले तरी आहे. कोरडाच आहे, सकाळी थोडा पांढरा बेडका पडतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं म्हणून दिवसभर खाकरत असते. वर्गात पाढे म्हणून घेताना ढास लागते, मिरचीच्या फोडणीचा वास आला की लागते, जोरात हसले तरी लागते. तीन डॉक्टर झाले, अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, बेडक्याची तपासणी निगेटिव्ह आली. एक्सरेच्या रिपोर्टमध्ये 'ब्राँकोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज प्रॉमिनंट' असं लिहिलं होतं, ते रात्री गूगल केलं आणि तेव्हापासून झोपच गेली. मग मीच हट्ट करून एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, काढून घेतला, त्यात उजव्या बाजूला ४ मिमीचा नोड्यूल, म्हणजे बारीक गाठ, आली. डॉक्टर म्हणाले काळजीचं नाही, पण आमच्या मजल्यावरचे काका फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेले, त्यांनाही सुरुवातीला असंच सांगितलं होतं. आता मी रोज बेसिनमध्ये मोबाइलचा टॉर्च लावून बेडका बघते, फोटो काढून कालच्या फोटोशी ताडून बघते. ऑक्सिमीटर पर्समध्येच असतो. वजन रोज करते. मिस्टर म्हणतात तुला आता खोकायची सवय लागलीये, मनाचे खेळ आहेत सगळे. शाळेत एका पालकांनी हेडबाईंना विचारलं की बाईंना टीबी तर नाही ना, त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये रडले. खरंच हे मनाचं आहे का? अजून एक, लिहायला लाज वाटते, मोठी ढास आली की थोडी लघवी होते, शाळेत पॅड लावून जाते.

उत्तर: ताई, तुमचा खोकला खरा आहे. मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या, कारण चार महिने खोकणाऱ्या माणसाला 'मनाचे खेळ' म्हणणं मला अजिबात पटत नाही.

होतं काय, की व्हायरल झाल्यावर घशातल्या आणि श्वासनलिकेतल्या नसा हुळहुळ्या होऊन बसतात. इन्फेक्शन कधीच गेलेलं असतं, पण गावातलं कुत्रं एकदा चोर बघितला की पुढे कित्येक दिवस पोस्टमनवरही भुंकत राहतं ना, तसं त्या नसांचं होतं, फोडणीचा वास, गार वारा, अगरबत्ती, सलग बोलणं, हसणं, एरवी ज्याला घसा ढुंकूनही बघणार नाही अशा गोष्टींनी ढास सुटते. साधा व्हायरल खोकलासुद्धा पूर्ण जायला सरासरी १८ दिवस लागतात, आणि लोकांना वाटतं आठवड्यात गेला पाहिजे, तिथेच पहिल्या अँटिबायोटिकची चिठ्ठी फाडली जाते, जिचा व्हायरसवर काडीचा उपयोग नसतो. मोठ्या माणसात खोकला ८ आठवड्यांच्या वर गेला की त्याला जुनाट म्हणतात. तुमचा त्यात बसतो, म्हणजे आता अंदाजानं सिरप बदलत बसायचं नाही, कारण शोधायचं.

तुमची फाइल वाचून मला एक गोष्ट खटकली. एचआरसीटी झाला, मोठा खर्च झाला, पण फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, कुणीच केलेली दिसत नाही आणि नाकात टॉर्च मारून कुणी बघितलेलं दिसत नाही. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या, एक्सरे ठीक असलेल्या माणसात जुनाट खोकल्याची बहुतेक कारणं तीन जागी सापडतात: नाकातून घशात उतरणारा शेंबूड, दमा, आणि पोटातलं ॲसिड वर येणं. दमा म्हटलं की धाप आणि शिट्टीसारखा आवाज आठवतो, पण काही जणांचा दमा फक्त खोकल्याच्या रूपातच असतो, रात्री दोन-तीनला किंवा पहाटे जाग आणणारा. तो स्कॅनमध्ये दिसत नाही. फुंकून बघायचं, मग पंप देऊन परत फुंकून बघायचं, असा तो शोधतात, सोबत रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा आकडा बघतात. त्यात दमा निघाला तर पंपाला घाबरू नका, 'पंपाची सवय लागते' हे आपल्याकडचं फार जुनं आणि फार नुकसान केलेलं वाक्य आहे. स्टेरॉइडचा पंप असेल तर घेतल्यावर खळखळून चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात बुरशी येते.

आता रिपोर्टबद्दल. 'ब्राँकोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज प्रॉमिनंट' हे वाक्य आपल्याकडच्या एक्सरे रिपोर्टमध्ये इतकं सर्रास असतं की ते वाचून कुठल्याच छातीच्या डॉक्टरची भुवईसुद्धा हलत नाही, फुप्फुसातल्या नळ्या आणि रक्तवाहिन्यांच्या रेघा जरा ठळक दिसतायत एवढाच त्याचा अर्थ, आणि धूळ, जुनी सर्दी, एक्सरे काढताना श्वास पूर्ण न भरणं अशा कितीतरी कारणांनी त्या ठळक दिसतात. ४ मिमीचा नोड्यूल म्हणजे मोहरीच्या दाण्याच्या दुप्पट वगैरे. आपल्या देशात लहानपणी कधीतरी टीबीच्या जंतूशी गाठ पडून शरीरानं तो जागच्या जागी दाबून टाकलेला असतो, त्याचा वण असा दिसू शकतो. कधीच तंबाखू न ओढलेल्या, आधी कॅन्सर न झालेल्या माणसात ६ मिमीपेक्षा लहान, घट्ट दिसणारा नोड्यूल असेल तर रेडिऑलॉजीचे सध्याचे नियम परत स्कॅन करायलाही साधारणपणे सांगत नाहीत. तुमच्या डॉक्टरांना फक्त एवढं विचारा, की माझ्या बाबतीत परत स्कॅन लागणार आहे का आणि लागणार असेल तर कोणत्या महिन्यात. 'लागणार नाही' म्हणाले तर तो विषय तिथे बंद. दर महिन्याला सीटी काढून मनाचं समाधान करून घ्यायचं म्हणाल तर त्यात एक्सरेच्या कितीतरी पट रेडिएशन आहे.

ढास कमी करायला घरी करण्यासारखं बरंच आहे आणि त्यात पहिलं म्हणजे खाकरणं बंद करायचं. प्रत्येक खाकरण्यात दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सुजतात, सूज आली की अजून काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, मग परत खाकरायचं. घशात खवखव सुरू झाली, ढास अजून आलेली नाही, त्या दोन-तीन सेकंदांत तोंड मिटा, हनुवटी थोडी छातीकडे आणा, एक आवंढा गिळा किंवा पाण्याचा छोटा घोट घ्या, आणि मग नाकानं हळू हळू श्वास घ्या, खोल नाही, हळू. सुरुवातीला दहातल्या दोन ढासा अडतील, चालेल. दोन-तीन आठवडे नेटानं केलं की हुळहुळेपणा उतरायला लागतो. स्पीच थेरपिस्ट हेच नीट बसून शिकवतात, मोठ्या हॉस्पिटलांत असतात, लोकांना वाटतं ते फक्त बोबडं बोलणाऱ्या मुलांसाठी असतात. वर्गात कमरेला लावायचा छोटा माइक वापरा, बऱ्याच शिक्षिका वापरतात, आवाज चढवायला लागत नाही. फळा पुसायला ओला फडका. फोडणी देताना खिडकी उघडी आणि मिरची तेलात जरा उशिरा. लवंग, खडीसाखर, कोमट पाण्यात मध यानं घसा ओला राहतो, जरूर घ्या.

आता भीतीकडे येते. बेसिनमधला टॉर्च, फोटो, ऑक्सिमीटर, रोजचं वजन, रात्रीचं गूगल, या सगळ्यांचं काम एकच आहे, थोडा वेळ सुटकेचा श्वास मिळवून देणं. मिळतोही. पण तो दहा मिनिटांत ओसरतो आणि मेंदू एवढंच लक्षात ठेवतो की आपण तपासलं म्हणून वाचलो, म्हणजे उद्या परत तपासायलाच हवं. त्यात घशाकडे दिवसभर लक्ष लागलं की घसा जास्त खवखवतो, हा खोकल्याचा स्वभावच आहे, कुणी खोकताना ऐकलं तरी आपला घसा खाजतो. म्हणजे तुमची भीती तुमच्या खोकल्याला खतपाणी घालतीये आणि खोकला भीतीला, आणि दोन्हीवर एकदमच काम करावं लागेल, खोकला गेला की भीती आपोआप जाईल असं धरून बसू नका, कित्येकांची जात नाही, मग ती छातीवरून पोटावर जाते, पोटावरून डोक्यावर.

सगळं उद्यापासून बंद करा असं मी सांगणार नाही, जमणार नाही. ऑक्सिमीटर नणंदेकडे किंवा शेजारी ठेवायला द्या. बेडक्याचे सगळे फोटो डिलीट करा, रक्त असेल तर ते लाल दिसतं, त्याला टॉर्च लागत नाही. वजन फक्त रविवारी सकाळी. गूगल करावंसं वाटलं की अर्धा तास थांबायचं, तेवढा वेळ भीती चढू द्यायची, तिच्याशी वाद घालायचा नाही, भाजी निवडा, वह्या तपासा, काहीही करा, ती चढते तशी उतरते हे तुम्हाला स्वतःला दिसायला हवं, मी सांगून उपयोग नाही. डॉक्टर एकच ठेवा, छातीचे, आणि पुढची तारीख आधीच ठरवून घ्या, मधल्या दिवसांत मनात येणारे प्रश्न वहीत लिहायचे आणि त्या तारखेला एकदम विचारायचे. दीड-दोन महिन्यांत फरक नाही पडला, किंवा झोप, शाळा, घर यावर परिणाम होत राहिला तर सायकॉलॉजिस्टकडे जा, या भीतीवर सीबीटी नावाची बोलण्याची थेरपी चांगली लागू पडते, गरज असेल तर सायकिॲट्रिस्ट गोळ्याही देतात. जवळपास कुणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मात्र बेडक्यात रक्त, कमी न करता उतरणारं वजन, संध्याकाळचा ताप, रात्री कपडे भिजतील असा घाम, जिना चढताना नव्यानं लागणारी धाप, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, यातलं काही दिसलं तर वर सांगितलेलं थांबणं-बिंबणं सगळं बाजूला ठेवून सरळ डॉक्टरांकडे. आज तुमच्या पत्रात यातलं एकही नाहीये.

आणि लघवीचं. लाज कसली, बाळंतपणं झालेल्या बायकांत आणि चाळिशीच्या पुढे हे खूप जणींना होतं आणि जवळपास सगळ्या जणी लपवतात. ढास येतीये असं वाटलं की पायावर पाय घट्ट टाका आणि लघवी अडवताना आवळतो ते स्नायू आवळून धरा, मग खोका. तोच व्यायाम रोज तीन वेळा, आवळून पाच सेकंद धरायचं, सोडायचं, दहा वेळा. साधारण तीन महिन्यांत बराच फरक पडतो. पाणी पिणं मात्र कमी करू नका, शाळेत बाथरूमची सोय नीट नसते म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि घसा अजून कोरडा पडतो. गायनॅकना किंवा फिजिओथेरपिस्टना स्पष्ट सांगा, त्यांनी हे रोज ऐकलेलं असतं.

प्रश्न: माझे वडील ६७ वर्षांचे, सातारा जिल्ह्यात गावी असतात, मी पुण्यात नोकरीला आहे. बिडी लहानपणापासून. खोकला म्हणाल तर कायमच आहे, पण दिवाळीला गेलो तेव्हा वेगळाच वाटला, रात्रभर थांबत नव्हता. पँट ढिली झालीये, सुतळी बांधतात. आई म्हणाली संध्याकाळी अंग कणकणतं. त्यांना शुगर पण आहे. दवाखान्याचं नाव काढलं की चिडतात, म्हणतात बिडीचा खोकला आहे, माझ्या बापालाही होता. गावातल्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घेऊन येतात, दोन दिवस बरं वाटतं. घरात माझ्या भावाची चार वर्षांची मुलगी आहे. मी उगाच घाबरतोय का?

उत्तर: नाही दादा, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. पहिल्या पत्रात मी थांबा म्हटलं, इथे उद्याच निघा म्हणते.

जुना बिडीचा खोकला बदलला, वजन उतरलं, संध्याकाळी कणकण, वर शुगर. आपल्याकडे दोन आठवडे खोकला असला की टीबीसाठी बेडका तपासायचा हा सरकारी कार्यक्रमाचा नियमच आहे आणि वडिलांना तर त्याच्या पुढची सगळी लक्षणं आहेत, शुगरवाल्यांना टीबी लवकर धरतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, किंवा गावच्या आशाताईंना सांगा, त्या डबी आणून देतात. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, मोकळ्या हवेत उभं राहून, छातीतून खोल खोकून काढलेला बेडका लागतो, तोंडातली लाळ चालत नाही, बऱ्याचदा लाळच जाते आणि रिपोर्ट निगेटिव्ह येऊन घरचे निर्धास्त होतात. आग्रहानं नॅट, म्हणजे बेडक्यात जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी मागा, ट्रूनॅट म्हणा किंवा सीबीनॅट, ट्रूनॅट तर आपल्या शेजारी गोव्यातच तयार होतं, काही तासांत जंतू आहे की नाही हे कळतं आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल का तेही कळतं. छातीचा एक्सरे त्याच दिवशी. हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट आहे, टीबी निघाला तर औषधंही फुकट, आणि खाण्यासाठी महिना १००० रुपये पेशंटच्या खात्यात जमा होतात, नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम ५०० वरून १००० केलीये.

इंजेक्शनं बंद करा. त्यात काय असतं ते पेशंटला माहीत नसतं, काही अँटिबायोटिकांनी टीबी अर्धवट दबतो आणि निदान लांबतं, स्टेरॉइड असेल तर शुगर भडकते.

आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. बेडका निगेटिव्ह आला आणि एक्सरेमध्ये डाग आहे, अशा वेळी 'टीबीच असेल, औषध सुरू करू' म्हणून अंदाजानं गोळ्या सुरू करू देऊ नका. बिडी ओढणाऱ्या माणसात तो डाग कॅन्सरचाही असू शकतो, आणि आपल्याकडे फुप्फुसाच्या कॅन्सरचे कितीतरी पेशंट आधी काही महिने टीबीच्या गोळ्या खाऊन मग मोठ्या हॉस्पिटलात पोचतात, तोवर हातातला वेळ गेलेला असतो. सीटी, दुर्बिणीची तपासणी, तुकडा काढून तपासणं, जे लागेल ते करून नक्की काय आहे हे कळल्यावरच औषध.

चिडणाऱ्या वडिलांना कसं न्यायचं. टीबी, कॅन्सर हे शब्दच काढू नका. घाबरणारा माणूस कधी कधी चिडूनच दाखवतो, आणि 'माझ्या बापालाही होता' म्हणणाऱ्याला आपल्या बापाचं शेवटी काय झालं हे पक्कं आठवत असतं. नातीचं नाव घ्या. 'आबा, छकुलीला जवळ घेताय, एकदा बेडका तपासून घेऊ, म्हणजे तिच्या आईला घोर नको.' मुलाचं न ऐकणारा आजोबा नातीसाठी तालुक्याला येतो. शुगर तपासायला म्हणून न्या, तेही चालेल, शुगर तपासायची आहेच. रिपोर्ट येईपर्यंत खोकताना तोंडावर रुमाल, खिडक्या उघड्या, मुलीनं वेगळ्या खोलीत झोपायचं. टीबी निघाला तर ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, तो भांड्यांनी पसरत नाही, हवेतून पसरतो. घरातल्या सगळ्यांची तपासणी होईल, पाच वर्षांखालच्या मुलांना आजार नसला तरी तो होऊ नये म्हणून औषध देतात, त्याला नाही म्हणू नका. बिडी सोडवायला १८००-११-२३५६ हा फुकट नंबर आहे, पण तो विषय दुसऱ्या भेटीत. पहिल्याच दिवशी बिडीवरून भांडण झालं तर बेडका राहून जाईल.

प्रश्न: वय ५८, बँकेतून निवृत्त. सतत कोरडा ठसका. बाकी प्रकृती उत्तम, बीपीची रामिप्रिल पाच-सहा महिन्यांपासून. ज्येष्ठमधाच्या काड्या दिवसभर चघळतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. घशाचा कॅन्सर असेल का?

उत्तर: काका, उत्तर बहुतेक तुमच्या गोळ्यांच्या पाकिटावरच आहे. ज्या बीपीच्या औषधांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं, रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, त्यांनी काही जणांना असा कोरडा ठसका लागतो, गोळी सुरू केल्यावर लगेच लागेल असंही नाही, काही महिन्यांनीही लागतो. गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखी दुसरी देतील. बदलल्यावर ठसका सहसा एक ते चार आठवड्यांत जातो, क्वचित तीन महिनेही घेतो, तेवढा धीर धरा. त्यानंतरही राहिला, आवाज बसला किंवा गिळताना त्रास व्हायला लागला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून घसा बघून घ्या. आणि ज्येष्ठमध आजच बाजूला ठेवा, दिवसभर चघळलं तर बीपी वाढतं आणि अंगातलं पोटॅशियम उतरतं. आयुर्वेदिक आहे म्हणून आपण डॉक्टरांना सांगतही नाही.

प्रश्न: माझा मुलगा २५ वर्षांचा, हिंजवडीत आयटीत आहे. ऑफिसमध्ये त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला टीबी निघाला. मुलाला थोडा खोकला होता, त्यानं सगळ्या तपासण्या केल्या, एक्सरे आणि बेडका क्लिअर, पण टीबी गोल्ड ही रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह आली. डॉक्टर म्हणतात आजार नाही. तो ऐकत नाही. त्यात कबुतरांच्या बातम्या वाचून बाल्कनीत जाणंच बंद केलंय. खोकला आता गेल्यात जमा आहे पण दिवसातून पन्नास वेळा फोन करून विचारतो, आई, मला काही झालं नाही ना? मी सांगते नाही रे बाळा, दहा मिनिटांनी परत फोन. मलाही आता छातीत धडधडतं, रात्री झोप येत नाही.

उत्तर: ताई, आधी टेस्टचं समजून घ्या, कारण घोळ तिथे झालाय. टीबी गोल्ड पॉझिटिव्ह म्हणजे टीबीचा जंतू कधीतरी शरीरात आलाय आणि शरीराला तो ओळखीचा आहे. आजार आहे की नाही हे ती टेस्ट सांगतच नाही. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर झालेल्या सर्व्हेत पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत असा जंतू आढळला होता, म्हणजे भरलेल्या पीएमटीत दर तिसरा माणूस. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात टीबी होत नाही. मात्र तुमचा मुलगा टीबीच्या पेशंटशेजारी बसत होता, त्यामुळे आजार होऊ नये म्हणून द्यायच्या औषधाबद्दल त्यानं डॉक्टरांशी एकदा नीट बोलून घ्यावं, ते देतील किंवा देणार नाहीत, पण प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर त्याला मिळालं पाहिजे.

कबुतरांचं म्हणाल तर २०२५ मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना झाकला, कोर्टकचेऱ्या झाल्या, तेव्हापासून प्रत्येक जण कबुतराकडे यमदूतासारखं बघतोय. विष्ठेची आणि पिसांची धूळ दीर्घकाळ छातीत गेली तर काही जणांच्या फुप्फुसाला सूज येते, हे खरं आहे, त्यात धाप लागते. बाल्कनीला जाळी लावा, विष्ठा कोरडी झाडू नका, पाणी मारून मास्क लावून पुसा. तेवढं झालं की बाल्कनीत बसून चहा प्यायला हरकत नाही.

आता पन्नास फोन. तुम्ही प्रेमानं 'नाही रे बाळा' म्हणता आणि त्या 'नाही'चा असर दहा मिनिटं टिकतो, मग त्याला पुढचा लागतो. त्याला न सांगता एकदम उत्तर देणं बंद केलंत तर तो कोसळेल. रविवारी समोर बसवून दोघांनी ठरवा: हा प्रश्न दिवसातून एकदा, रात्रीच्या फोनवर. बाकी वेळी विचारलं तर तुम्ही म्हणायचं, 'तुला भीती वाटतीये ते कळतंय मला, या प्रश्नाचं रात्री बघू, जेवलास का?' आणि खरंच विषय बदलायचा. पहिले काही दिवस तो चिडेल, तुम्हाला निष्ठुर म्हणेल, तुमचाही जीव तुटेल, तरी ठरलेलं मोडू नका, मधेच एकदा मोडलं तर तो अजून जोरानं विचारेल. चेष्टा मात्र कुणी करायची नाही, वडिलांनीही नाही, 'एवढा घोडा झालास' वगैरे घरातून पूर्ण बंद. बरोबरीनं त्याला सायकॉलॉजिस्टकडे पाठवा, पुण्यात भरपूर आहेत, ऑनलाइनही बोलता येतं, आणि हे त्याच्या खोकल्याची तपासणी चालू ठेवूनच करायचं म्हणजे त्याला असं वाटणार नाही की आपल्याला वेडा ठरवतायत. आणि हो, तुम्ही स्वतः त्याला पाठवत असलेले 'फुप्फुस साफ करण्याचे दहा उपाय' छापाचे व्हॉट्सॲप फॉरवर्ड आजपासून थांबवा, प्रत्येक फॉरवर्ड म्हणजे त्याच्यासाठी 'आईलाही शंका आहे' असा निरोप असतो.

तुमची धडधड तुम्ही शेवटच्या ओळीत उरकलीत. या आठवड्यात स्वतःचं बीपी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, एक ईसीजी काढा. त्या दिवशी फोन मिस्टरांकडे देऊन जा.